रूट कॅनाल : ठणका थांबला तरी दाढेचं काम बाकी असतं

पहिल्या बैठकीनंतर ठणका जातो, पेशंटला कित्येक रात्रींनी झोप लागते आणि पुढच्या तारखेला तो फिरकतच नाही. सहा महिन्यांनी, वर्षाने तीच दाढ उभी चिरलेली असते किंवा गाल सुजलेला असतो. ‘रूट कॅनाल करूनही दाढ गेली’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना दोन गोष्टी विचाराव्या लागतात : आतली भरणी पूर्ण झाली होती का, आणि वर कॅप बसवली होती का? बऱ्याचदा यातल्या एकाचं उत्तर ‘नाही’ असतं. रूट कॅनाल म्हणजे दाढेच्या आतली खराब झालेली नस काढून, मुळातल्या बारीक नळ्या धुऊन त्या कायमच्या भरून टाकणं. हा उपचार कुठे सुरू होतो, कुठे संपतो आणि मध्ये काय काय बिघडू शकतं हे पेशंटला ठाऊक असलं तर कितीतरी दाढा वाचतील.

दाखले बहुतेक खालच्या पहिल्या मोठ्या दाढेचे देतो. ही दाढ साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या दातांच्या मागे गुपचूप येते. तिच्या जागी आधीचा दात पडलेला नसतो, त्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते आणि कीड लागली तरी ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून दिली जाते. पुढे रूट कॅनालच्या खुर्चीवर सर्वांत जास्त भेटणाऱ्या दातांत ती असते.

दुखण्याची भाषा

दाताचं बाहेरचं कवच कडक, त्याच्या आत थोडा मऊ थर आणि अगदी मध्ये एक पोकळी. या पोकळीत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेला मऊ भाग असतो, त्यालाच सगळे नस म्हणतात. कीड किंवा तडा या नसेपर्यंत पोहोचला की तिला सूज येते. अंगावर कुठे सूज आली तर ती बाहेर फुगते. इथे चारही बाजूंना कडक भिंती, फुगायला जागाच नाही. दाब आतल्या आत वाढतो, म्हणून एवढ्याशा दाताची कळ मस्तकात जाते. आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्तदाब वाढतो आणि ठणका चढतो. उशीवर उशी ठेवून बसल्या बसल्या झोपणारे पेशंट म्हणूनच रात्रीच जास्त हैराण असतात.

गार पाण्याने सणक गेली आणि दोन-चार सेकंदांत थांबली, तर नस अजून सावरू शकते. कीड काढून सिमेंट भरलं की बऱ्याचदा भागतं. गार लागल्यावर कळ मिनिटभर किंवा जास्त रेंगाळते, आपोआप ठणका सुरू होतो, रात्री जाग येते, तर मात्र नस सहसा परतीच्या पलीकडे गेलेली असते. त्यापुढची पायरी म्हणजे गरम चहाने ठणका आणि गार पाण्याने आराम. गार पाण्याची बाटली हातात धरून, दर दोन मिनिटांनी घोट तोंडात फिरवत कुणी आलं की निदान जवळपास दारातच होतं.

मग एके दिवशी दुखणं एकदम बंद पडतं. हा सगळ्यात फसवा टप्पा. नस मेली म्हणून कळ थांबलेली असते. आता त्या पोकळीत जिवाणूंना मोकळं रान मिळतं आणि ते मुळाच्या टोकातून हाडात उतरतात. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी चावताना दुखू लागतं, दाढ इतरांपेक्षा उंच झाल्यासारखी वाटते किंवा हिरडीवर एक छोटी पुळी येते. ती फुटते, खारट-कडवट पू येतो, पुन्हा भरते. पुळी दुखत नाही, कारण पूला वाट मिळालेली असते. ‘दुखत नाही ना, मग असू दे’ हे इथे अजिबात चालत नाही.

नेमका कोणता दात हे पेशंटला सांगता येत नाही, यात त्याचा दोष नाही. आत सूज असेपर्यंत वरची दाढ की खालची, हेही कळत नाही. खालच्या दाढेची कळ कानात जाते आणि माणूस आधी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन येतो. म्हणून चाचण्या करायच्या : गार स्प्रे मारलेला कापूस एकेका दाताला लावून पाहणे, दातावर हलकेच ठोकणे, हिरडीची खोली मोजणे आणि एक्स-रे. छोट्या डिजिटल एक्स-रेतलं किरणोत्सर्जन आपल्याला निसर्गातून एका दिवसात मिळतं त्याहूनही कमी असतं. त्यामुळे उपचारात तीन-चार एक्स-रे निघाले तर घाबरायचं कारण नाही. उलट एकही न काढता रूट कॅनाल होत असेल तर विचारावं.

गोळ्यांनी का भागत नाही

मेलेल्या नसेत रक्त पोहोचत नाही. रक्त नाही म्हणजे अँटिबायोटिकही नाही. गोळी पोटातून रक्तात जाते, मुळाच्या टोकापर्यंत येते आणि तिथेच अडते. आतल्या जिवाणूंना तिचा पत्ताही लागत नाही. नस जिवंत पण सुजलेली असेल तर तो ठणका सुजेचा असतो, त्यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. मेडिकलमधून ‘दातदुखीचा पाच दिवसांचा कोर्स’ घेऊन बरं वाटतं ते सोबतच्या वेदनाशामकामुळे, नाहीतर नस त्याच दिवसांत मेलेली असते म्हणून. ताप आहे, सूज पसरते आहे, गळ्याच्या गाठी वाढल्या आहेत, तोंड उघडायला त्रास होतो आहे, अशा वेळी अँटिबायोटिक लागतं, पण तेही दाढ उघडून पू काढण्याच्या जोडीला.

एक गोष्ट जपून लक्षात ठेवा. जबड्याखाली दोन्ही बाजूंनी कडक सूज आली, जीभ वर ढकलल्यासारखी वाटली, थुंकी गिळता येईना किंवा श्वासाला त्रास होऊ लागला, तर दातांच्या दवाखान्याच्या वेळेची वाट पाहू नका. मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत त्याच रात्री पोहोचा. यात जीव जाऊ शकतो.

लवंगेच्या तेलाने तात्पुरता आराम पडतो हे खरं, पण निव्वळ तेल हिरडीला लागलं की ती भाजते. कापसाच्या बोळ्याला थेंबभर, तेही फक्त किडलेल्या खड्ड्यात. अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेपाशी दाबून ठेवणाऱ्यांच्या गालाला आतून पांढरा भाजल्याचा चट्टा पडतो आणि दुखणं एकाचं दोन होतं. रिंगणीच्या बियांची धुरी घेऊन ‘दातातले किडे’ पाडून देणारे अजून बाजारांत भेटतात. दातात असे किडे नसतातच.

पहिल्या रात्रीपुरतं काय घ्यावं? इतर कुठला आजार नसलेल्या प्रौढाला जेवणानंतर आयबुप्रोफेन 400 मिलिग्रॅम आणि त्यासोबत पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅम हे चांगलं काम करतं. अल्सर, किडनीचा विकार, काही दम्याचे पेशंट, गरोदर बाई आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेले यांनी आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नये. पावसाळ्यात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तरीही नको. दुकानातल्या अनेक जोडगोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच 325 मिलिग्रॅम असतं. वरून वेगळी गोळी घेतली की बेरीज नकळत वाढते, म्हणून पाकीट वाचा.

खुर्चीवर बसण्याआधी

औषधांची यादी सोबत न्या, निदान गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो तरी. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन चालू असेल तर ‘दाताचं काम आहे’ म्हणून परस्पर बंद करू नका. रूट कॅनालमध्ये रक्तस्राव फारसा होत नाही, आणि गोळी बंद केल्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा असतो. हृदयात कृत्रिम झडप बसवलेली असेल तर आधी सांगा, तासभर आधी अँटिबायोटिकचा एकच मोठा डोस द्यावा लागतो. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून इंजेक्शन किंवा गोळ्या चालू असतील तर तेही बोला. अशा पेशंटच्या जबड्याचं हाड दात काढल्यावर भरून यायला कधीकधी अडतं, त्यामुळे त्यांची दाढ शक्यतो वाचवायची असते.

मधुमेह असेल तर सकाळची वेळ घ्या, नेहमीची गोळी आणि नाश्ता करूनच या. उपाशी पोटी येणं ही सगळ्यात वाईट तयारी. भीती, भूल आणि रिकामं पोट एकत्र आलं की चक्कर ठरलेली. गरोदरपणात चौथा ते सहावा महिना सोयीचा, पण पू झाला असेल तर कुठल्याही महिन्यात थांबायचं नाही.

भूल : लोक ज्याला खरं घाबरतात

‘रूट कॅनाल फार दुखतं’ ही ख्याती बरीचशी भूल अर्धवट लागलेल्या दाढांनी कमावलेली आहे. खालच्या मोठ्या दाढेसाठी इंजेक्शन दाढेजवळ नाही, मागे जबड्याच्या आतल्या बाजूला, मज्जातंतू हाडात शिरतो त्याच्या आसपास देतात. दहा-पंधरा मिनिटांत अर्धा ओठ जड होतो. पण ओठ बधिर झाला म्हणजे दाढ बधिर झालीच असं नाही. फार सुजलेली नस असेल तर एका इंजेक्शनने भागत नाही, आणि यात डॉक्टरचा हात कच्चा असतो असंही नाही. दाढेच्या बाहेरच्या बाजूला, हिरडीच्या फटीत, आणि शेवटी गरज पडली तर थेट नसेत, असे टप्प्याटप्प्याने पुढचे डोस देता येतात. यातला शेवटचा क्षणभर सणकून लागतो, पण लगेच काम करतो.

इंजेक्शननंतर दोन-तीन मिनिटं छाती धडधडली तर ती बहुतेक वेळा औषधातल्या अ‍ॅड्रेनॅलिनची असते. ती अ‍ॅलर्जी नव्हे. दुखल्यास काय खूण करायची ते आधीच ठरवून घ्या. डावा हात वर करणं सोपं. ‘सहन करतो, तुम्ही करा’ असा बहाद्दरपणा दाखवू नका, त्याने काम घाईचं होतं.

बधिरपणा दोन ते चार तास राहतो. तोवर जेवू नका, गरम चहा पिऊ नका, ओठ चावला जातो आणि कळतही नाही. दुसऱ्या दिवशीही ओठ किंवा जीभ बधिर वाटली तर फोन करून कळवा.

आत नेमकं काय होतं

दाढेभोवती एक पातळ रबरी पडदा लावतात, त्याला रबर डॅम म्हणतात. कामाचा दात तेवढा वर, बाकी तोंड खाली. पेशंटला तो कोंदट वाटतो, काही डॉक्टरांना वेळखाऊ. पण तो लावला नाही तर लाळेतले जिवाणू त्याच दाढेत पुन्हा शिरतात, आतलं औषध घशात उतरू शकतं आणि हातातली बारीक फाईल, म्हणजे आतून घासायची सुईसारखी कानस, निसटली तर पोटात किंवा श्वासनलिकेत जाऊ शकते. डॉक्टर निवडताना एकच प्रश्न विचारायचा झाला तर ‘तुम्ही रबर डॅम लावता का?’ हाच विचारा. भिंतीवरच्या मशिनच्या फोटोंपेक्षा याच्या उत्तरातून जास्त कळतं.

आधी सगळी कीड काढतात. मग वरून छिद्र करून कॅनालांची, म्हणजे मुळात उतरणाऱ्या नसेच्या नळ्यांची तोंडं शोधतात. खालच्या पहिल्या दाढेला साधारणपणे दोन मुळं आणि तीन कॅनाल असतात, पण बऱ्याच जणांना चौथा निघतो. वरच्या पहिल्या दाढेच्या गालाकडच्या पुढच्या मुळात दुसरा कॅनाल असतो तो तर प्रसिद्धच आहे. निम्म्याहून जास्त लोकांत तो सापडतो, तोंड इतकं बारीक की भिंगाशिवाय दिसणं मुश्कील. वरच्या दाढेचं रूट कॅनाल पुन्हा करावं लागण्यामागे हा न सापडलेला कॅनाल नेहमीचा गुन्हेगार असतो. खालच्या पटाशीच्या दातांतही दुसरा कॅनाल लपलेला असू शकतो, एवढासा दात म्हणून गृहीत धरून चालत नाही.

पहिली फाईल साधारण दहा नंबरची. दहा नंबर म्हणजे टोकाची जाडी 0.10 मिलिमीटर. तिला एक क्लिप, दुसरी तार तुमच्या ओठाला अडकवलेली, आणि शेजारचं छोटं यंत्र फाईल मुळाच्या टोकापाशी आली की आवाज करतं. कॅनालची लांबी अशी मोजतात. खालच्या दाढेत वरच्या कडेपासून मोजली तर ती 20 मिलिमीटरच्या आसपास भरते. काम मुळाच्या टोकाच्या अर्धा ते एक मिलिमीटर अलीकडे थांबवायचं असतं. त्याआधी थांबलं तर जिवाणू मागे राहतात, पुढे गेलं तर हाड दुखावतं.

मग मोटरवरच्या लवचिक निकेल-टायटॅनियम फाईलने कॅनाल रुंद करतात. ‘पंचवीस नंबर, सहा टक्के’ असं डॉक्टर सहकाऱ्याला म्हणतील, त्याचा अर्थ टोकाला 0.25 मिलिमीटर आणि तिथून प्रत्येक मिलिमीटरला 0.06 ने जाड होत जाणारा आकार. हे रुंदीकरण औषधाला वाट करून देण्यासाठी असतं. कॅनालचा आकार गोल नसतो, चपटा असतो, मध्ये फाटे फुटलेले असतात. कितीही भारी फाईल वापरली तरी भिंतीचा मोठा भाग तिला लागतच नाही. तिथे पोहोचतं ते सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे धुण्याच्या ब्लीचचंच रसायन, साधारण 3 ते 5 टक्के तीव्रतेचं. ते मेलेली नस विरघळवतं आणि जिवाणू मारतं. शेवटी मिनिटभर 17 टक्के ईडीटीए, त्याने भिंतीला चिकटलेला भुगा सुटतो. हे धुणं घाईत उरकता येत नाही. ‘मोटरची मशीन आहे, वीस मिनिटांत रूट कॅनाल’ अशी जाहिरात दिसली की धुवायला किती वेळ दिला हा प्रश्न मनात यायला हवा.

हायपोक्लोराइट घशात गेल्यासारखं, स्विमिंग पूलच्या पाण्यासारखं वाटलं तर लगेच हात वर करा. फार क्वचित ते मुळाच्या टोकातून बाहेर ढकललं जातं. अचानक भयंकर कळ, मिनिटांत सूज, नंतर काळीनिळी त्वचा. दिसायला भीतीदायक, पण बर्फ, वेदनाशामक आणि देखरेख यांवर बहुतेकांना काही आठवड्यांत पूर्ण बरं वाटतं. डॉक्टरांनी ते लपवू नये आणि पेशंटने त्या दाढेचं पुढचं काम सोडू नये.

फाईल तुटणं हा दुसरा नाजूक विषय. वाकड्या कॅनालमध्ये फिरता फिरता धातू थकतो आणि दोन-तीन मिलिमीटरचं टोक आत राहतं. ऐकताच पेशंटचा संताप होतो, तो समजण्यासारखा आहे. पण तुकडा स्वतः निरुपद्रवी असतो, प्रश्न त्याच्या पलीकडे न धुतलेलं काही राहिलं का, हा. धुऊन झाल्यावर, शेवटी शेवटी तुटला असेल तर दाढ अनेकदा छान टिकते. सुरुवातीलाच तुटला आणि आत पू असेल तर तो काढण्याचा किंवा बाजूने वाट करण्याचा प्रयत्न करायला हवा, आणि ते काम मायक्रोस्कोपवाल्या रूट कॅनाल तज्ज्ञाचं. तुकडा राहिला असेल तर कागदावर लिहून मागा.

एका बैठकीत की तीन? नस जिवंत असेल, पू नसेल, तर तास-दीड तासाच्या एका बैठकीत सगळं आटोपता येतं आणि निकालात फरक पडत नाही. आतून पू येत असेल, कॅनाल कोरडाच होत नसेल, तर कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट भरून एक-दोन आठवडे थांबावं लागतं. वर लावलेलं पांढरं तात्पुरतं सिमेंट तीन-चार मिलिमीटर जाड असेल तरच नीट बंद राहतं, आणि तेही दोन-तीन आठवडेच. लेखाच्या सुरुवातीचा पेशंट इथे हरवतो. दुखत नाही, सिमेंट झिजतंय, लाळ आत झिरपतेय, आणि धुतलेल्या कॅनालमध्ये पुन्हा वस्ती. गावी लग्न आहे, सुगी आहे, परीक्षा आहे, कारण काहीही असो, तारीख पुढे ढकलायची असेल तर फोन करून सांगा. डॉक्टर त्या वेळेपुरतं जास्त मजबूत सिमेंट लावून देतील.

शेवटची भरणी गट्टा-पर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाची, सोबत पातळ सीलर. त्यानंतरचा एक्स-रे स्वतः पाहा, यात काही गूढ नाही. प्रत्येक कॅनालमध्ये एक सलग पांढरी रेघ दिसायला हवी, मध्ये काळी फट नको, आणि रेघ मुळाच्या टोकाच्या दोन मिलिमीटरच्या आत संपायला हवी. टोकाबाहेर सीलरचा छोटा पांढरा ठिपका दिसला तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही. रेघ मुळाच्या मध्यावरच थांबली असेल तर का, ते विचारा. कधीकधी कॅनाल वयामुळे खरोखरच बुजलेला असतो, आणि कधीकधी नसतो.

नंतरचे तीन दिवस

दोन-तीन दिवस चावताना दुखणं, दाबल्यावर कणकण हे अपेक्षित आहे. आतली नस गेली तरी मुळाभोवतीचं हाड आणि पडदा जिवंतच असतो. दिवसागणिक कमी व्हायला हवं. तिसऱ्या दिवसानंतर वाढत असेल, गाल सुजत असेल किंवा ताप येत असेल तर कळवा. दात मिटल्यावर तीच दाढ आधी आपटते असं वाटलं तर ‘सवय होईल’ म्हणून बसू नका. भरणी उंच राहिली आहे, घासून द्यायला पाच मिनिटं लागतात आणि दुखणं त्याच दिवशी उतरतं.

कॅप : इथे पैसे वाचवू नका

नस काढल्याने दाढ ‘वाळून’ ठिसूळ होते हा समज अर्धा खरा. ती कमकुवत होते ती मुख्यतः कीड आणि वरच्या छिद्राने भिंती पातळ झाल्यामुळे. शिवाय आत नस नसल्यामुळे जोर कुठे थांबवायचा याचा इशाराही थोडा बोथट होतो. भातातला खडा, सुपारी, चिक्की, उसाचं कांडं, यातलं काहीही एक दिवस दाढ उभी चिरतं. चीर मुळापर्यंत गेली की ती जोडता येत नाही, दाढ काढावीच लागते. कॅप सगळ्या भिंती बाहेरून आवळून धरते.

मोठ्या दाढांना आणि उपदाढांना कॅप जवळपास नेहमीच लागते, दोन-चार आठवड्यांत लावलेली उत्तम. पुढच्या दाताचं छिद्र लहान असेल आणि बाकी दात शाबूत असेल तर नुसती भरणीही पुरते. हिरडीच्या वर चारही बाजूंनी दीड-दोन मिलिमीटर तरी स्वतःचा दात उरलेला असेल तर कॅप टिकते. तो नसेल तर आत पोस्ट, म्हणजे मुळात बसवायचा खुंटा घालून ‘मजबूत करू’ असं सांगतात; पोस्टमुळे दात मजबूत होत नाही, वरच्या सिमेंटला धरायला आधार मिळतो, इतकंच.

पूर्ण धातूची कॅप दिसायला वेगळी, पण दात सर्वांत कमी घासावा लागतो आणि मागच्या दाढेला ती वर्षानुवर्षं टिकते. धातूवर सिरॅमिकचा मुलामा असलेली मध्यम किमतीची; तिचा मुलामा कधी टवका उडून जातो. झिर्कोनिया दाताच्या रंगाची आणि कणखर. कॅपसोबत दहा-पंधरा वर्षांचं वॉरंटी कार्ड मिळतं ते कॅपच्या मटेरियलचं. आतल्या भरणीचा किंवा कडेला पुन्हा लागणाऱ्या किडीचा त्याच्याशी संबंध नाही. कॅपला कीड लागत नाही, कॅपच्या कडेखालच्या दाताला लागते, म्हणून हिरडीलगत ब्रश आणि दातांमध्ये फ्लॉस चालूच. मिश्री लावणाऱ्यांनी तर हिरड्या उतरून त्या कडा उघड्या पडतात हे ध्यानात घ्यावं.

खर्च विचारताना एकच आकडा घेऊ नका. रूट कॅनाल, त्यावरची कायमची भरणी, कॅप आणि एक्स-रे, हे चार वेगवेगळे विचारा, कारण जाहिरातीतल्या स्वस्त दरात बहुधा पहिलंच धरलेलं असतं. परवडत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईत महापालिकेचं नायर, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय हे चांगले पर्याय आहेत. तिथे काम पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या नजरेखाली करतात. फेऱ्या जास्त, पण रबर डॅम आणि एक्स-रे यांत कसूर सहसा होत नाही.

काही समज

वरची दाढ काढली किंवा रूट कॅनाल केलं की नजर अधू होते, हे अजूनही घरोघरी ऐकू येतं. डोळ्याचा मज्जातंतू वेगळा, दाढेचा वेगळा. चाळिशीत चष्मा लागतो त्याच वयात दाढाही किडलेल्या असतात, एवढाच योगायोग. रूट कॅनालमुळे कॅन्सर होतो असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, त्याची मुळं विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अशा प्रयोगांत आहेत जे नंतर कुणाला नीट सिद्ध करता आले नाहीत.

मुलाच्या दुधाच्या दाढेला ‘रूट कॅनाल’ सांगितलं तर तो उपचार वेगळा असतो. तिथे गट्टा-पर्चा भरत नाहीत, मुळासोबत विरघळणारी पेस्ट भरतात, म्हणजे खालचा कायमचा दात अडत नाही. आणि मोठ्यांतही अलीकडे सरसकट सगळी नस काढत नाहीत. सूज वरच्याच भागात असेल तर तेवढी नस काढून त्यावर एमटीएसारखं सिमेंट ठेवतात, मुळातली नस जिवंत राहते. सगळ्या दाढांना जमत नाही, पण ‘माझ्या दाढेला हे चालेल का’ हे विचारायला हरकत नाही.

फेल गेलं तर

नीट केलेलं रूट कॅनाल दहातल्या साधारण नऊ दाढांत यशस्वी होतं. यश दुखण्यावरून मोजत नाहीत, एक्स-रेवरून मोजतात. मुळाच्या टोकाशी हाड विरून झालेला काळा डाग असेल तर तो सहा महिन्यांनी, वर्षाने लहान होत जायला हवा. मोठा डाग भरायला तीन-चार वर्षंही लागतात. लहान होतोय तोवर थांबायचं. वाढला, पुळी परत आली, तर पहिला पर्याय जुनी भरणी काढून पुन्हा रूट कॅनाल. वरून जाता येत नसेल, म्हणजे पोस्ट पक्का बसलेला असेल किंवा तुटलेली फाईल अडत असेल, तर हिरडी उघडून मुळाचं टोक सुमारे तीन मिलिमीटर कापतात आणि खालून बंद करतात. मूळच उभं चिरलं असेल तर यातलं काहीच चालत नाही. हिरडीत एकाच जागी सुईसारखी खोल फट लागणं ही त्याची खूण. अशी दाढ काढून तिथे ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात) किंवा इम्प्लांट (हाडात बसवलेला स्क्रू आणि त्यावर दात) यांचा विचार करायचा. हाडाने इम्प्लांट घट्ट धरायला साधारण तीन-चार महिने लागतात.

म्हणून शेवटचा एक्स-रे आणि कामाचा कागद मागून घ्या आणि फोनमध्ये ठेवा. त्यावर किती कॅनाल भरले, लांबी किती आणि कॅप कशाची हे असावं. नोकरीसाठी शहर बदललं, देश बदलला तरी पुढच्या डॉक्टरला वर्षापूर्वीचा डाग केवढा होता हे त्यावरून कळतं, आणि वाट पाहायची की दाढ पुन्हा उघडायची हे ठरवता येतं.